उघड्या डोक्याचं क्रिकेट

१९७८च्या मार्चमध्ये ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप पूर्ण हेल्मेट घालून फलंदाजीला उतरला. कसोटी सामन्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तोवर, म्हणजे १८७७पासून शंभर वर्षं, कसोटी क्रिकेट उघड्या डोक्याने खेळलं गेलं होतं. डोक्यावर कापडी टोपी, मांडीला फार तर टॉवेलची घडी, आणि समोरून ताशी नव्वद मैलांच्या आसपास वेगाने येणारा साडेपाच औंसांचा चेंडू.

त्या शंभर वर्षांवर आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेक एकाच सुरात. खेळाडू शूर होते, दिलदार होते, खेळ सभ्य माणसांचा होता, आता तसं काही उरलं नाही. यातल्या शौर्याबद्दल माझं अजिबात भांडण नाही. ते शंभर नंबरी होतं. पण दिलदारी ही त्या काळाची मालमत्ता होती हे मला मान्य नाही. क्रिकेट चालवणाऱ्या संस्था तेव्हा उघडपणे वर्गभेद पाळत, वर्णभेद पाळत, आणि घरच्या सामन्याला घरचेच पंच उभे करत. जी खिलाडूवृत्ती दिसली ती एकेकट्या माणसांची होती आणि तिची किंमतही ज्याची त्यानेच चुकती केली. हे विसरलं की त्या माणसांचं मोठेपण काळाच्या खात्यावर जमा होतं.

शौर्याबद्दल बोलायचं तर मी आधी न्यूझीलंडचं नाव घेईन, ज्या संघाला तोवर एकही कसोटी जिंकता आली नव्हती. १९५३च्या डिसेंबरमध्ये हा संघ जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेशी खेळत होता. २४ तारखेच्या रात्री तिकडे मायदेशी टांगीवाई इथे रुआपेहू ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्याचं पाणी फुटलं, चिखलाच्या लोंढ्याने रेल्वेचा पूल वाहून गेला आणि गाडी नदीत कोसळली. १५१ माणसं गेली. त्यांत संघातला तेज गोलंदाज बॉब ब्लेअर याची वाग्दत्त वधू होती. २६ तारखेला खेळ सुरू झाला तेव्हा ब्लेअर हॉटेलच्या खोलीत होता आणि तो खेळणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं.

मैदानावर नील अ‍ॅडकॉकचा चेंडू खेळपट्टीवरून कसाही उसळत होता. बर्ट सटक्लिफच्या डोक्याला चेंडू लागला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. लॉरी मिलरच्या छातीला लागला, तोही बाहेर गेला. पुढे मिलर परतला आणि मग डोक्याला पांढरं बँडेज गुंडाळलेला सटक्लिफही परतला. त्याने षटकार मारायला सुरुवात केली. नववी विकेट १५४ धावांवर पडली, खेळाडू मैदानाबाहेर निघाले, आणि तेवढ्यात पॅव्हेलियनमधून ब्लेअर बाहेर आला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. सटक्लिफ त्याच्याकडे चालत गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला खेळपट्टीपर्यंत घेऊन आला. ह्यू टेफील्डच्या पुढच्या एका षटकात दोघांनी मिळून २५ धावा काढल्या. सटक्लिफचे तीन षटकार, ब्लेअरचा एक. अखेरच्या जोडीने ३३ धावा जोडल्या, सटक्लिफ नाबाद ८०. न्यूझीलंड तो सामना १३२ धावांनी हरला.

हे वाचताना आजही गळा दाटतो. पण मी हा प्रसंग पूर्ण सांगू इच्छितो. त्या दिवशी ब्लेअरसाठी उभं राहिलेलं मैदान वर्णभेदाच्या कायद्याखालचं होतं आणि यजमान संघात फक्त गोऱ्यांनाच जागा होती. केपटाउनमध्ये तेव्हा बासिल डॉलिव्हिएरा नावाचा एक तरुण खेळत होता. स्वतःच्या देशाकडून त्याला कधीच खेळता येणार नव्हतं, आणि पुढे १९६०मध्ये त्याला इंग्लंड गाठावं लागलं. ब्लेअर आणि सटक्लिफ यांचं शौर्य त्याने कणभरही उणं होत नाही. मात्र त्या दुपारच्या आधारावर साऱ्या युगाला सभ्यतेचं प्रशस्तिपत्र देता येत नाही.

धैर्य आणि खिलाडूवृत्ती ही दोन्ही एकाच माणसात नांदतात, असंही आपण गृहीत धरतो. डग्लस जार्डिन पाहिला की ते गृहीतक मोडतं. हा मुंबईत जन्मलेला इंग्लंडचा कर्णधार. १९३२-३३च्या ऑस्ट्रेलियातल्या मालिकेत ब्रॅडमनला आवरण्यासाठी त्याने शरीररोखी मारा योजला. लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं आणि हॅरॉल्ड लारवुडचे अंगावर येणारे आखूड चेंडू. अ‍ॅडलेडला कर्णधार बिल वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, बर्ट ओल्डफील्डच्या कवटीचं हाड मोडलं. ओल्डफील्डने मात्र लारवुडला दोष दिला नाही, चूक आपलीच होती असं सांगितलं. थोरल्या पतौडी नवाबाने सिडनीला पदार्पणात शतक ठोकलं, पण त्या कड्यात उभं राहायला नकार दिला, आणि दुसऱ्या कसोटीनंतर त्याला संघाबाहेर बसावं लागलं. इथवर जार्डिन हा खलनायक ठरतो. मात्र त्याच १९३३च्या उन्हाळ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइन आणि मॅनी मार्टिन्डेल यांनी इंग्लंडवर तसाच मारा केला, तेव्हा जार्डिनने एका शब्दाची तक्रार न करता त्यावर १२७ धावा केल्या. कसोटीतलं त्याचं ते एकमेव शतक. धैर्यात तो कुणालाही हार गेला नसता.

पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. प्रकरण अंगाशी आल्यावर माफीची अपेक्षा कर्णधाराकडून नव्हे, लारवुडकडून केली गेली. जार्डिन हौशी, म्हणजे वरच्या वर्गातला. लारवुड नॉटिंगहॅमशरच्या कोळशाच्या खाणीतून आलेला पगारी व्यावसायिक. कर्णधाराने सांगितलं तेच मी केलं, मग माफी कसली, असं म्हणत त्याने नकार दिला आणि इंग्लंडकडून तो पुन्हा खेळला नाही. १९५०मध्ये तो कुटुंबासह ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. तिथे बस्तान बसवायला त्याला मदत केली ती जॅक फिंगलटनने, म्हणजे त्याच माऱ्याचे तडाखे खाल्लेल्या ऑस्ट्रेलियन फलंदाजाने. सभ्य खेळाच्या संस्थेने लारवुडला टाकलं आणि प्रतिस्पर्ध्याने जवळ केलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता थोडं त्या फलंदाजीबद्दल, कारण उघड्या डोक्याने खेळणं ही नुसती छातीची गोष्ट नव्हती, ती एक कला होती. नजर चेंडूवरून शेवटच्या क्षणापर्यंत हटू द्यायची नाही, हा पहिला नियम. मान फिरवली की चेंडू हमखास लागतो. मागचा पाय मागे आणि आडवा गेला पाहिजे, म्हणजे हूक मारताना डोकं चेंडूच्या रेषेच्या आत राहतं आणि चेंडू चुकला तरी खांद्यावरून निघून जातो. सोडायचा असेल तर हात खाली ठेवून कमरेतून मागे झुकायचं किंवा गुडघ्यांतून खाली बसायचं, तेही चेंडूकडे बघत. सुनील गावस्करने हूक बराच काळ बासनात गुंडाळून ठेवला आणि चेंडू सोडण्याची कला अशी घोटली की त्याच्या शरीरावर चेंडू लागणं ही बातमी व्हावी. १९८३मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजच्या मार्शलच्या पहिल्या उसळत्या चेंडूंवर त्याने तोच हूक बाहेर काढला आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, तेव्हा कळलं की तो फटका तो विसरलेला नव्हता. हेल्मेट आल्यावर फलंदाज अधिक सुरक्षित झाले, पण चेंडूवरून नजर काढण्याची चूक त्यांना परवडू लागली. कलेच्या दृष्टीने हा तोटाच, आणि तो मला मान्य आहे. एका कवटीची किंमत मात्र त्याहून मोठी आहे.

ही किंमत नरी कॉन्ट्रॅक्टरने मोजली. १९५९मध्ये लॉर्ड्‌सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने बरगडी मोडलेली असताना त्याने ८१ धावा केल्या होत्या. १९६२मध्ये तो भारताचा कर्णधार म्हणून वेस्ट इंडीजला गेला. बार्बाडोसविरुद्धच्या दौऱ्यावरच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. पॅव्हेलियनमधली एक खिडकी नेमकी त्या वेळी उघडली आणि आपलं लक्ष क्षणभर विचलित झालं, असं कॉन्ट्रॅक्टरने नंतर सांगितलं आहे. त्या वेगाला तेवढा क्षण पुरतो. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, रक्ताची गरज पडली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. सोबत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर. पुण्याचा, नाशिकचा आणि सोलापुरात जन्मलेला असे हे तिघे. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळला, पण कसोटी संघात त्याला पुन्हा जागा मिळाली नाही.

वॉरेलच्या त्या रक्तदानाकडे चांगुलपणाचा एक प्रसंग म्हणून पाहणं कमी पडतं. वेस्ट इंडीजच्या संघात काळ्या खेळाडूंचा भरणा होता आणि कर्णधारपद मात्र जवळपास नेहमी गोऱ्याकडे जाई. सी. एल. आर. जेम्स यांनी त्यावर वृत्तपत्रातून मोहीम उघडली तेव्हा कुठे १९६०-६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेलची नेमणूक झाली. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला तो पहिला काळा कर्णधार. त्याच दौऱ्यात ब्रिस्बेनला कसोटीच्या इतिहासातला पहिला बरोबरीचा सामना झाला. मालिका हरूनही वॉरेलच्या संघाला निरोप द्यायला मेलबर्नच्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली. मैदानाबाहेर ज्याने इतका अन्याय पाहिला त्याने मैदानावर इतकं मोकळं, उमदं क्रिकेट खेळवावं, हे स्वभावाचं मोठेपण होतं. व्यवस्थेने त्याला ते शिकवलं नव्हतं. १९६७मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. कोलकात्यात बंगालची क्रिकेट संघटना त्याच्या नावाने ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरवते.

आपल्या माणसांच्या शौर्याकडे आपणच कसं दुर्लक्ष केलं त्याचं उदाहरण म्हणजे रमाकांत देसाई. मुंबईचा हा ठेंगणा, किरकोळ अंगाचा तेज गोलंदाज. १९६८च्या फेब्रुवारीत डनेडिनला न्यूझीलंडच्या डिक मॉट्झच्या चेंडूने त्याचा जबडा मोडला. तो मैदान सोडून गेला नाही. अकरावा फलंदाज बिशनसिंग बेदीच्या साथीने त्याने शेवटच्या विकेटसाठी ५७ धावा जोडल्या आणि नाबाद ३२ राहिला. भारताची आघाडी केवळ नऊ धावांची होती, यावरून त्या भागीदारीचं मोल कळावं. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली कसोटी. त्या विजयाचं श्रेय वाडेकरच्या फलंदाजीला आणि प्रसन्नाच्या फिरकीला दिलं जातं, ते योग्यच आहे, पण देसाईचं नाव त्यांच्या शेजारी यायला हवं. एकनाथ सोलकरही तसाच. डोक्यावर काही नाही, नडगीला काही नाही, आणि फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर शॉर्ट लेगला उभा. २७ कसोटींत ५३ झेल. फलंदाजाला निदान हातात बॅट असते.

१९७६चं किंग्स्टन हा मात्र शौर्याच्या गौरवगाथेत बसवायचा प्रसंग नाही. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने ४०६ धावा करून सामना जिंकला, वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याचे फिरकी गोलंदाज निष्प्रभ ठरले, आणि पुढच्याच कसोटीत त्याने सबाइना पार्कच्या खेळपट्टीवर तेज मारा सोडला. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर लागलं. कर्णधार बेदीने ३०६वर ६ बाद असताना पहिला डाव घोषित केला आणि दुसऱ्या डावात पाच जण जखमी अवस्थेत तंबूतच राहिल्याने भारताचा डाव ९७वर संपला. बेदीवर तेव्हा आणि नंतरही पळपुटेपणाचा शिक्का मारला गेला. मला तो अन्याय वाटतो. उसळत्या चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालणारा नियम नाही, पंच बोलायला तयार नाहीत, प्रेक्षक रक्तासाठी ओरडताहेत, अशा वेळी आपल्या गोलंदाजांना त्या माऱ्यापुढे पाठवायचं नाही हा कर्णधाराचा निर्णय होता आणि त्याची नाचक्की त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. धैर्याला असंही एक रूप असतं.

जुन्या काळात कुणी लबाडी करत नसे, हा समज तर एका फटक्यात सोडून द्यावा. ज्या सामन्यातून अ‍ॅशेसची कथा जन्मली त्या १८८२च्या ओव्हल कसोटीत डब्ल्यू. जी. ग्रेसने खेळपट्टी ठोकायला निघालेल्या कोवळ्या सॅमी जोन्सला धावचीत केलं होतं. १९७४मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला दिवसाचा शेवटचा चेंडू पडल्यावर तंबूकडे चालू लागलेल्या वेस्ट इंडीजच्या कालिचरणला इंग्लंडच्या टोनी ग्रेगने धावचीत केलं. रात्री बैठका झाल्या आणि अपील मागे घेतलं गेलं. विनू मंकडने १९४७मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला बाद केलं त्याला मात्र मी या यादीत धरत नाही. दौऱ्यावरच्या आधीच्या एका सामन्यात मंकडने त्याला ताकीद दिली होती, आणि ब्रॅडमननेच मंकडची बाजू घेतली. तरीही एका भारतीय खेळाडूचं आडनाव कित्येक वर्षं शिवीसारखं वापरलं गेलं. ग्रेसच्या नावाने तसं काही रुजलं नाही.

आता वानखेडे. १९८०चा फेब्रुवारी, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. भारताच्या २४२ला उत्तर देताना इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर ही शेवटची भरवशाची जोडी. कपिलदेवच्या चेंडूवर किरमाणीने झेल घेतला, अपील झालं आणि पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर जागचा हलेना, कारण बॅटला चेंडू लागलाच नव्हता. स्लिपमध्ये उभा असलेला कर्णधार विश्वनाथ पुढे आला, पंचांशी बोलला आणि टेलरला परत खेळायला बोलावलं. बोथम-टेलर जोडीने १७१ धावा जोडल्या, बोथमने शतक केलं आणि सामन्यात १३ बळी घेतले. इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथला कर्णधार म्हणून दोनच कसोटी मिळाल्या, त्यांतली ही एक.

मुंबईच्या क्रिकेटचा पिंड खडूस. विकेट फुकट द्यायची नाही आणि मिळालेली सोडायची नाही, ही मैदानांवरची शिकवण. त्या शिकवणीत वाढलेल्या कित्येकांना विश्वनाथचं वागणं हा भाबडेपणा वाटला, काहींना अजून वाटतो. पंचाने बाद दिलं म्हणजे बाद, आपल्यावरही अन्याय होतच असतो, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. विश्वनाथने काही दान दिलं नाही. जी विकेट भारताची नव्हती ती त्याने घेतली नाही, इतकंच. सामना हातचा जाईल हे त्याला त्या क्षणी दिसत होतं आणि तरीही तो पुढे झाला, म्हणून मी हा निर्णय एखाद्या शतकाच्या बरोबरीने मोजतो.

बरोबर एक वर्षाने, फेब्रुवारी १९८१मध्ये, मेलबर्नला दुसरी बाजू दिसली. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलेल्या गावस्करला खात्री होती की चेंडू आधी बॅटला लागला आहे. संतापाच्या भरात तो दुसऱ्या टोकाच्या चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाला. सीमारेषेवर व्यवस्थापक दुर्राणी यांनी चौहानला परत पाठवलं म्हणून सामना वाचला. गावस्करने पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मग त्याच सामन्यात १४३ धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलिया ८३वर गडगडला. दुखऱ्या मांडीनिशी कपिलदेवने २८ धावांत ५ बळी घेतले, पायाचं हाड मोडलेला दिलीप दोशी दुसऱ्या टोकाने गोलंदाजी करत राहिला. त्याच दौऱ्यात सिडनीला संदीप पाटीलच्या कानाजवळ पास्कोचा चेंडू बसला होता आणि पुढच्याच कसोटीत अ‍ॅडलेडला त्याने १७४ धावा कुटल्या. मेलबर्नचा सामना म्हटलं की अजूनही आधी गावस्करचा राग आठवतो, दोशीचा पाय नाही.

गावस्करच्या रागामागे जुनं दुखणं होतं. दौऱ्यावरचा प्रत्येक संघ यजमानांच्या पंचांवर हाच आरोप करत असे आणि घरी परतला की तोच आरोप झेलत असे. त्यावर पहिला ठोस उपाय केला तो इम्रान खानने. १९८६मध्ये लाहोरला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीसाठी दोन भारतीय पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. घरच्या पंचांचा फायदा आपणहून सोडायचा आणि तोही भारतीयांच्या हाती सोपवायचा, हे पाकिस्तानी कर्णधाराला किती जड गेलं असेल याचा विचार करावा. त्रयस्थ पंच, सामनाधिकारी, उसळत्या चेंडूंवर मर्यादा, कनकशनसाठी बदली खेळाडू हे सगळं त्यानंतर टप्प्याटप्प्याने आलं.

शौर्य त्यामुळे आटलं, असं मला दिसत नाही. १९६३मध्ये लॉर्ड्‌सवर हात मोडलेला कॉलिन काउड्री दोन चेंडू उरले असताना खेळपट्टीवर आला होता. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही आणि सामना अनिर्णित राहिला. २०२५मध्ये ओव्हलवर खांदा निखळलेला ख्रिस वोक्स एक हात स्वेटरखाली बांधून तसाच आला, तोही एकही चेंडू न खेळता, आणि भारत सहा धावांनी जिंकला. त्याच मालिकेत मोडलेल्या पायाने ऋषभ पंत ओल्ड ट्रॅफर्डच्या पायऱ्या उतरला. बदल झाला आहे तो दुसऱ्या बाजूला. आज वानखेडेवर टेलरला बाद दिलं असतं तर त्यानेच दोन हातांनी खूण करून पुनर्विचार मागितला असता, पडद्यावर सपाट रेषा दिसली असती आणि तो खेळत राहिला असता. विश्वनाथला स्लिपमधून पुढे यावंच लागलं नसतं. कर्णधाराचं मन मोठं असो की नसो, टेलरला न्याय मिळाला असता. एक सुंदर प्रसंग त्यात आपण गमावला असता, तरीही मी हा बदल आनंदाने स्वीकारतो. उघड्या डोक्याच्या त्या शंभर वर्षांत चुकीच्या निर्णयावर माघारी फिरलेल्या असंख्य फलंदाजांना समोर विश्वनाथ भेटला नव्हता.